बधिर बोटे आणि गाडीचे हँडल

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सोमवारी सकाळी जी रांग लागते, तिच्यात हल्ली एक ठरावीक रुग्ण दिसू लागला आहे. वय पंचवीस ते पस्तीस, अंगात कुठल्या तरी कंपनीचा रंगीत टी-शर्ट, काखेत हेल्मेट. तक्रार एकच : ‘‘डॉक्टर, हाताला मुंग्या येतात, बोटे झोपतात.’’ केसपेपरवर दोन ओळी लिहिल्या जातात, बी-कॉम्प्लेक्सच्या पंधरा गोळ्या मिळतात आणि तो बाहेर पडतो. फाटकापाशी उभ्या असलेल्या त्याच्या गाडीकडे कुणी पाहत नाही. निदानाचा निम्मा भाग मात्र त्या गाडीच्या हँडलवर असतो.

याच तक्रारीचा दुसरा एक धनी असतो, तो रांगेत सहसा दिसत नाही. तो शनिवार-रविवारी पुण्याहून कोल्हापूर, मुंबईहून गोवा करतो, पुढच्या जूनमध्ये लडाखचा बेत आखून असतो. बोटे बधिर झाली की तो आधी हँडल बदलतो, मग ग्रिप बदलतो, मग महागडे हातमोजे घेतो आणि शेवटी गाडीच बदलतो. एकाला गोळी मिळते, दुसऱ्याला दुकान. दोघांच्याही हाताला नेमके काय होते आहे, हे बहुतेक वेळा कुणी विचारलेलेच नसते.

विचारायचा पहिला प्रश्न अगदी साधा आहे : कोणती बोटे? ‘सगळा हात’ हे उत्तर बहुतेक जण देतात. पण रुग्णाला डोळे मिटून, सावकाश आठवायला लावले की उत्तर बदलते. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू असेल तर एक गोष्ट. करंगळी आणि अनामिकेची उरलेली अर्धी बाजू असेल तर दुसरी. पंजात दोन मुख्य नसा संवेदना पोचवतात, एक मीडियन आणि दुसरी अल्नर. अनामिकेच्या मधोमध या दोघींची हद्द आहे.

मीडियन नस मनगटात एका बोगद्यातून जाते. खाली हाडांची पन्हळ, वर जाड पट्ट्याचे छप्पर. बोटे वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या म्हणजे टेंडन आणि त्यांच्याबरोबर ही एक नस, अशा दहा जणी त्या बोगद्यातून जातात. एसटीच्या दोघांच्या बाकावर तिघे बसावेत तशी ही दाटी. मनगट सरळ असते तोवर आतला दाब अगदी कमी असतो. मनगट मागे वाकवले की तो कित्येक पटींनी वाढतो. पाऱ्याच्या ३० मिलिमीटरच्या आसपास पोचला की नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांतला प्रवाह मंदावू लागतो, आणि नस तक्रार करते ती मुंग्यांच्या भाषेत. आता गाडीवरचा उजवा हात आठवून पाहावा. अॅक्सिलरेटर पिळलेला, मनगट खाली पडलेले, पंजा मागे वळलेला. महामार्गावर हा हात एकेक तास याच अवस्थेत राहतो. कुणी खुर्चीत बसून दोन तास मनगट असे धरून ठेवायला सांगितले, तर आपण पाच मिनिटांत उठून जाऊ.

अल्नर नसेची अडचण वेगळी. ती करंगळीच्या बाजूने तळव्याच्या बुडाशी, जवळजवळ कातडीखालूनच पंजात शिरते. त्या जागेला गियाँचा कालवा म्हणतात. फेलिक्स गियाँ या फ्रेंच शल्यविशारदाने १८६१ मध्ये तिचे वर्णन केले. त्याचे नाव गाजले ते मूत्रविकारांच्या शस्त्रक्रियांसाठी, आणि जगभरच्या सायकलस्वारांच्या करंगळ्या मात्र आजही त्याच्या नावाने दुखतात. कारण लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांमध्ये हा विकार इतका ओळखीचा आहे की वैद्यकाच्या पुस्तकांत त्याला ‘हँडलबार पाल्सी’ असेच नाव आहे. शरीराचे वजन तळव्याच्या त्या कोपऱ्यावर रेलले की नस हाड आणि हँडल यांच्यामध्ये सापडते. मोटरसायकलवर पुढे वाकून बसणाऱ्याचेही हेच होते.

हीच अल्नर नस वर कोपराच्या मागूनही जाते. कोपर दाराला आपटले की करंगळीपर्यंत जो झटका जातो तो तिचाच. त्यामुळे करंगळी बधिर झाली म्हणजे दोष तळव्यातच आहे असे नाही. ओळखण्याची एक युक्ती आहे. करंगळीच्या बाजूचा पंजाचा मागचा भाग, म्हणजे हाताची पाठ, तिथली संवेदना पाहायची. त्या भागाला जाणारी फांदी मनगटाच्या आधीच फुटते. तिथेही बधिर वाटत असेल तर दाब वर, बहुधा कोपराशी आहे, आणि मग ग्रिप कितीही मऊ बसवली तरी उपयोग नाही.

झाला तो दाबाचा भाग. त्याच्या जोडीला कंपने असतात.

एक सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ५,००० फेरे फिरत असेल तर सेकंदाला सुमारे ८३ हिसके बसतात. हे हिसके सांगाड्यातून हँडलमध्ये येतात. हँडल म्हणजे मधे आवळलेली आणि दोन्ही टोकांना मोकळी असलेली पोकळ नळी. तिची स्वतःची एक थरथरण्याची लय असते, आणि इंजिनाची लय तिच्याशी जुळली की टोके सर्वांत जास्त थरथरतात. नेमके तिथेच आपले हात असतात. एखादी गाडी ताशी ६० वर शहाण्यासारखी चालते, ७० वर हात झिणझिणवते आणि ८० वर पुन्हा शांत होते, त्याचे कारण हे. हँडलच्या टोकांना कंपन्या जी जड लोखंडी बोंडे बसवतात ती शोभेची नसतात. त्या वजनाने ही लय बदलते. गाडी पडल्यावर एक बोंड हरवते, आपण ते पुन्हा बसवत नाही, किंवा छान दिसतात म्हणून टोकाला आरसे लावताना दोन्ही काढून टाकतो, आणि महिन्याभराने मुंग्यांची तक्रार घेऊन येतो.

कंपनांनी हाताचे नुकसान होते हे वैद्यकाला शंभरहून अधिक वर्षे ठाऊक आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बेडफर्ड येथे हवेच्या दाबावर चालणाऱ्या छिन्नीने चुनखडी फोडणाऱ्या कामगारांची बोटे थंडीत पांढरीफटक पडत. अॅलिस हॅमिल्टन या डॉक्टर महिलेने १९१८ मध्ये त्यांची तपासणी केली आणि दोष हत्यारांकडे नेला. पुढे जपानमध्ये ग्रामीण भागात मोटरसायकलवरून टपाल वाटणाऱ्या पोस्टमनांचे आणि मोटरसायकलवरच्या वाहतूक पोलिसांचे हात तपासले गेले. तिथेही बोटे बधिर होणे, पांढरी पडणे, खांदे आखडणे या तक्रारी सापडल्या. युरोपीय संघाने २००२ साली कामाच्या ठिकाणी हाताला बसणाऱ्या कंपनांवर मर्यादा घातली : आठ तासांची सरासरी सेकंदवर्गाला २.५ मीटरवर गेली की मालकाने उपाय सुरू करायचे, आणि ५ मीटरच्या पुढे काम द्यायचेच नाही.

याचा अर्थ रोज अर्धा तास गाडीवर कार्यालयात जाणाऱ्याने घाबरावे असा नाही. उतरल्यावर पाच-दहा मिनिटांत जाणाऱ्या मुंग्या हा त्वचेतल्या संवेदनग्रंथींचा थकवा असतो. लाऊडस्पीकरजवळ उभे राहून आल्यावर कान थोडा वेळ गुंगतात, तसाच. पण ज्याचे रोजचे आठ-दहा तास हँडलवर जातात, त्याच्या हाताला ती विश्रांती मिळतच नाही.

आता हँडल कोणते, या मूळ प्रश्नाकडे. वाचकांनी दोन पेन्सिली घ्याव्यात. खुर्चीत ताठ बसून, गाडीवर असल्यासारखे दोन्ही हात पुढे करावेत, कोपरात थोडा बाक ठेवावा, दोन्ही मुठींत एकेक पेन्सिल सैल धरावी आणि खाली पाहावे. पेन्सिली एका सरळ रेषेत येत नाहीत. त्यांची बाहेरची टोके आपल्याकडे वळलेली आणि किंचित खाली झुकलेली असतात. मनगट सरळ ठेवून मूठ जशी वळते तसे हँडल हवे. म्हणजे त्याच्या मुठी मागे, स्वाराकडे वळलेल्या आणि जराशा उतरत्या हव्यात. बाकी सगळी चर्चा यानंतरची.

या कसोटीवर सरळसोट दांडीसारखे हँडल नापास होते. ते दिसायला रुबाबदार असते, पण दोन्ही मनगटे सतत मोडून धरावी लागतात. फार रुंद हँडलचेही तेच. कच्च्या रस्त्यावर, दगडधोंड्यांत गाडी वळवायला रुंद हँडल जोर देते, म्हणून त्या गाड्यांना ते असते. डांबरी रस्त्यावर ३०० किलोमीटर जाताना तेच हँडल कोपरे बाहेर फेकून खांदे भरून आणते. मुठी खांद्यांपेक्षा थोड्या रुंद असाव्यात, त्याहून फार नकोत.

रेसिंगच्या धर्तीच्या गाड्यांना दोन तुटक, खाली बसवलेल्या मुठी असतात. क्लिप-ऑन म्हणतात त्यांना. त्यावर स्वार पुढे झुकतो आणि धडाचे वजन तळव्यांवर येते. शर्यतीच्या वेगात समोरचा वारा छातीला मागे रेटतो, त्यामुळे हातांवरचा भार हलका होतो. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर ताशी २० च्या वेगाने रांगताना तो वारा कुठून आणायचा? शर्यतीसाठी काढलेली बैठक वाहतूककोंडीत वापरायची, तर भाडे मनगटाने भरायचे. वीस वर्षांच्या मुलाला हे सांगून पटत नाही, आणि पटावे अशी अपेक्षाही नाही. निदान मुंग्या आल्यावर त्याने गाडीला दोष देऊ नये.

याच्या उलट टोकाला खांद्यांच्याही वर जाणारी उंच शिंगे. तिथे हात हृदयाच्या पातळीच्या वर राहतात, रक्त चढायला कष्ट पडतात, आणि गळ्याच्या हाडाखालून हाताकडे जाणारे नसांचे जुडगे ताणले जाते. भिंतीला चुना लावताना वर धरलेला हात जसा भरून येतो, तसे होते. शिवाय समोरचा वारा अंगावर शिडासारखा भरतो आणि स्वार हँडलला लोंबकळतो. घट्ट पकडीतून कंपने अधिक चढतात, हे त्यात वेगळेच.

गंमत अशी की हाताच्या डॉक्टरला कागद-पेन्सिल देऊन हँडल काढायला सांगितले, तर तो जे काढील ते गावाकडच्या दूधवाल्याच्या शंभर सीसीच्या गाडीवर आधीपासूनच असते. मध्यम उंची, मध्यम रुंदी, मुठी मागे वळलेल्या. किटल्या लटकवून रोज पहाटे ४० किलोमीटर जाणारा माणूस त्यावर वर्षानुवर्षे काढतो. आपण शोरूममधून गाडी आणतो आणि पहिल्या महिन्यात हेच हँडल काढून टाकतो. कंपनीने दिलेले सगळेच चांगले असते असे नव्हे. पण बदल करण्याआधी जे आहे ते नीट बसवून पाहायला काय हरकत आहे?

नीट बसवणे म्हणजे काय, हे गॅरेजमधल्या पोरालाही ठाऊक असते, पण गिऱ्हाईक सांगत नाही म्हणून तो करत नाही. गाडी मधल्या स्टँडवर लावावी, नेहमीसारखे बसावे, डोळे मिटून हात मुठींवर ठेवावेत आणि बोटे सरळ पुढे काढावीत. ती आपसूक क्लच आणि ब्रेकच्या दांड्यांवर यायला हवीत. बाहूपासून बोटांपर्यंत एक रेष असावी. बहुतेक गाड्यांत या दांड्या गरजेपेक्षा वर फिरवलेल्या असतात, त्यामुळे बोटे दांडीवर ठेवताच मनगट मागे मोडते. पान्याने बोल्ट सैल करून दांडी थोडी खाली फिरवणे हे दोन मिनिटांचे काम आहे. हँडलही त्याच्या पकडीत मागे-पुढे फिरते. एका बोटाच्या जाडीएवढा फरकही मनगटाला कळतो. क्लचची वायर सुकली असेल तर तेल, ताण जास्त असेल तर ढील. शहरात एका फेरीत क्लच शेकडो वेळा दाबावा लागतो; डाव्या हाताच्या मुंग्यांचे मूळ अनेकदा इंजिनात सापडत नाही, त्या गंजलेल्या वायरीत सापडते.

एवढे करूनही बुटक्या स्वाराचे हात ताठ ताणले जात असतील, किंवा उंच माणसाला वाकावे लागत असेल, तर हँडल वर आणि मागे आणणारे ठोकळे मिळतात. दोन-तीन सेंटिमीटर पुरतात. मात्र त्याने क्लचची वायर, ब्रेकची नळी आणि अॅक्सिलरेटरची वायर ताणली जाते. ठोकळे बसवल्यावर इंजिन चालू ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून पाहावे. वळवताना इंजिनाचा आवाज आपोआप वाढला तर ती गाडी रस्त्यावर नेऊ नये. अरुंद गल्लीत वळण घेताना गाडी स्वतःहून उधळेल. हँडल पूर्ण बदलायचे असेल तर नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाला बाधा येईल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला चालत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

मऊ, जाड स्पंजच्या ग्रिपबद्दल मत बरे नाही. मोठ्या पंजाच्या माणसाला त्या सोसतात. लहान पंजाच्या माणसाला, म्हणजे बहुतेक स्त्रियांना, जाड मूठ धरायला अधिक जोर लावावा लागतो. मग स्पंजाने जेवढे कंपन अडवले त्याहून अधिक घट्ट पकडीतून आत येते. मनगटाच्या बोगद्याचा विकार स्त्रियांमध्ये तसाही जास्त, गरोदरपणात आणखी जास्त. त्यांच्यासाठी दांड्यांचे अंतर कमी-जास्त करण्याची सोय गाडीत असायला हवी. ती आजही बहुधा महाग गाड्यांवर दिसते आणि साध्या स्कूटरवर नसते, हे उत्पादकांच्या लक्षात आणून द्यायला हवे. हातमोजे जरूर घालावेत, ते मुख्यतः पडल्यावर कातडी वाचावी म्हणून. मनगटावर करकचून बांधलेला मोजा आणि तळव्यातली जाड शिवण यांनी मात्र मुंग्या वाढतात.

आणि पकड. कागदी कपातला चहा धरावा, कप चुरगळू नये, इतकीच मूठ आवळावी. वजन मांड्यांनी टाकीला धरून आणि पावलांनी पेलायचे असते. हात वळवण्यासाठी आणि ब्रेकसाठी. घाबरलेला स्वार हँडलला जीव टांगतो. नवशिक्यांच्या मुंग्यांचे सर्वांत मोठे कारण हेच आहे, आणि ते सवयीने जाते. तासाभराने थांबावे, खाली उतरावे, हात झटकावेत, पंजे उघड-मीट करावेत. मुंग्या येत असतील त्या वेगापासून ताशी सात-आठ किलोमीटर खाली यावे. अनेकदा एवढ्यावरच भागते.

बधिर बोटे ही नुसती गैरसोय नाही, याचे भान मात्र हवे. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून अधिक जाते. दांडी बोटांखाली आहे की नाही हे चाचपण्यात अर्धा सेकंद गेला तर आठ मीटर गेले. पुढचा ब्रेक किती दाबला गेला हे बोटांनाच कळायचे असते. त्यामुळे उजवी बोटे झोपली असतील तर ‘पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ’ म्हणू नये.

हँडलवर सगळे खापर फोडून मोकळे होण्यातही धोका आहे. चाळिशीपुढच्या स्वाराची साखर आधी पाहावी. मधुमेहात बधिरपणा बहुधा पायांपासून सुरू होतो, पण मधुमेही माणसाची मनगटातली नस लवकर दबते. थायरॉइड मंदावलेले असेल तर तिथेही तोच प्रकार. शुद्ध शाकाहारी व्यक्तीत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेणाऱ्यात बी-१२ कमी पडू शकते, तिथे ते जीवनसत्त्व द्यायलाच हवे. पण ते रक्त तपासून. नस दाबाने गुदमरत असताना गोळ्यांचा खुराक देणे म्हणजे पाइपावर दगड पडलेला असताना टाकीत पाणी भरत राहणे. मान वळवल्यावर किंवा मागे केल्यावर कळ हातात उतरत असेल तर मणका पाहावा.

आणखी एक शक्यता शहरातल्या चकचकीत दवाखान्यांत विसरली जाते. करंगळी-अनामिकेचा बधिरपणा, सोबत अंगावर कुठे फिकट किंवा तांबूस चट्टा, त्या चट्ट्यावर कापसाचा स्पर्श कळत नाही, कोपरामागची नस बोटाला दोरीसारखी जाड लागते. हा कुष्ठरोग असू शकतो. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर त्याचे निर्मूलन ठरलेल्या निकषापर्यंत पोचले, म्हणून तो संपला असा समज झाला. जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात, आणि महाराष्ट्रही त्यात आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याची बहुविध औषधे मोफत मिळतात आणि रोग पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर औषधाने जंतू मरतात, पण वाकडी झालेली बोटे सरळ होत नाहीत. सायलेन्सरला हात लागून फोड आला आणि कळलेच नाही, असे कुणी हसत सांगितले तर ते हसण्यावारी नेऊ नये.

मग डॉक्टरकडे केव्हा जायचे? गाडी चार दिवस न चालवताही मुंग्या राहिल्या तर. रात्री दोन-तीन वाजता हात झोपल्यामुळे जाग येत असेल आणि हात झटकल्यावर बरे वाटत असेल तर. मनगटातल्या बोगद्याची ही अगदी ठरलेली खूण आहे. शर्टाची बटणे लावता येईनाशी झाली, हातातून कप सुटू लागला, अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट दिसू लागला किंवा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला भाग खोल गेला, तर उद्यावर टाकू नये. अल्नर नसेची खोल फांदी एकटीच दबली तर मुंग्या येतही नाहीत, नुसती ताकद जाते. अशा माणसाला वाटते आपण थकलो आहोत. मनगट सरळ ठेवणारी पट्टी रात्री बांधणे हा पहिला उपाय स्वस्त आहे आणि वेळेवर केला तर बऱ्याच जणांना पुरतो. न पुरल्यास इंजेक्शन, आणि शेवटी बोगद्याचे छप्पर कापून नस मोकळी करण्याची छोटी शस्त्रक्रिया, जी फक्त हात बधिर करून होते. मात्र स्नायू झिजल्यावर शस्त्रक्रिया केली तर मुंग्या जातात, ताकद सगळी परत येत नाही.

यात हौशी स्वाराची सोय होते. तो हँडल निवडू शकतो, थांबू शकतो, गाडी घरी ठेवू शकतो. घरोघरी जेवण आणि पार्सल पोचवणारा मुलगा यातले काय करू शकतो? गाडी त्याची स्वतःची, बहुधा जुनी घेतलेली आणि हप्त्यावर. वेळ मोबाइल ठरवतो. कंपनीच्या लेखी तो नोकर नाही, ‘भागीदार’ आहे. केंद्राच्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची व्याख्या आली, त्याच्या अपघाताची आणि विम्याची चर्चा सुरू झाली, ही चांगली गोष्ट. पण अपघात डोळ्यांना दिसतो; हाताची झीज दिसत नाही. कारखान्यात कंपन करणारे यंत्र मालकाचे असते, म्हणून त्याच्या हादऱ्यांची जबाबदारीही मालकावर टाकता येते. इथे यंत्र कामगाराचे आणि हात कामगाराचाच. निदान वर्षातून एकदा या मुलांची मूठ, बोटांची संवेदना आणि साखर तपासणे, आणि गाडीच्या दांड्या-वायरी नीट बसवून देणे एवढे त्या कंपन्यांना सहज जमावे. मोठा खर्च नाही. रुग्णालयांनीही केसपेपरवर ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘खासगी नोकरी’ लिहून पुढे जाण्याऐवजी ‘रोज किती तास गाडीवर’ हे विचारावे.

ते विचारले की सोमवारच्या रांगेतला तो तरुण बोलू लागतो. दिवसाला अकरा तास. उजव्या हाताची पहिली तीन बोटे. रात्री जाग येते. कुणीतरी त्याच्याबरोबर फाटकापर्यंत जाते. गाडीच्या हँडलचे उजवे बोंड नाही, ब्रेकची दांडी आभाळाकडे तोंड करून आहे. ती खाली फिरवली जाते, मनगटाची पट्टी लिहून दिली जाते. नसेच्या वहनाच्या तपासणीसाठी त्याला तारीख मिळते ती तीन आठवड्यांनंतरच्या शुक्रवारची, सकाळी दहाची. तो तारीख पाहतो आणि विचारतो, रविवारची मिळेल का? शुक्रवार ते रविवार लॉग-इन चुकले की त्या आठवड्याचा इन्सेंटिव्ह जातो.